चुलीवर शिसं वितळवण्याआधी



आज खतपाण्याचं काही नाही, शिशाविषयी लिहायचंय. काहींना वाटेल आण्णा कुठं भरकटले. पण विषय बांधावरचाच आहे.

मका कणसाला आला, भुईमुगाला शेंगा धरल्या की आमच्या वारणेच्या खोऱ्यात रानडुकरांची हजेरी लागते. चांदोलीच्या कडेनं शिराळा तालुका घ्या, नाहीतर पलीकडं पाटण-कराडची डोंगरकडा घ्या, तीच तऱ्हा. एका रात्रीत अर्धा एकर भुईमूग कुळवल्यागत उलथून टाकतात. ऊस खातात थोडा, मोडतात जास्त. २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान त्यात आलं. चांगलंच झालं. पण जंगलाची हद्द नकाशावर असते, डुकराला ती कुठं दिसतीय? आणि माळ्यावर बसून रात्रभर डबडं वाजवायला घरात आता माणसंही उरली नाहीत.

अशा दिवसांत पोरांच्या मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ फिरायला लागतात. गॅरेजमध्ये एक माणूस भांड्यात शिसं वितळवतोय, पळीनं साच्यात ओततोय, साचा उघडला की चकचकीत गोळी टेबलावर. तिकडं हा रीतसर छंद आहे, दुकानात साचे विकत मिळतात. भावकीतल्या एका पोरानं परवा मला विचारलं, "आण्णा, हे आपल्याला घरी जमंल का? आज्ज्याची ठासणीची बंदूक हाय. झटका मशीनच्या दोन जुन्या बॅटऱ्या पडल्यात, शिसं तर फुकटच की." असं विचारणारा तो पंधरा दिवसांतला तिसरा. म्हणून लिहायला बसलो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बंदुकीची गोळी घरी ओतायची नाही. आणि गोळी राहू द्या, बॅटरी फोडून शिसं चुलीवर चढवायचंच नाही. आता का, ते सांगतो. "बेकायदेशीर हाय" एवढ्यानं आपल्याकडं कुणी थांबत नाही हे मला माहीत आहे.

तरी कायद्याचं आधी उरकून घेऊ. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ५. परवान्याशिवाय शस्त्र किंवा दारूगोळा तयार करता येत नाही. आणि दारूगोळा म्हणजे भरलेलं काडतूसच असं नाही, त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची साधनंसुद्धा त्या व्याख्येत धरलीत. म्हणजे नुसती शिशाची गोळी अन् तिचा साचा घरात निघाला तरी पुरे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याला कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप. एका डुकरापायी सात वर्षं! आज्ज्याच्या नावचा परवाना असला तरी तो बंदूक बाळगायचा आहे, गोळ्या पाडायचा नाही. आणि आज्जा वारल्यावर वारसानं रीतसर अर्ज केला नसेल, तर ती बंदूक देव्हाऱ्याशेजारी टांगलेली असली तरी तिचा कागद संपलेला आहे. ही गोष्ट गावोगावी लोक विसरतात, दसऱ्याला पूजा मात्र न चुकता करतात.

शिशाकडं सरकारचं लक्ष आजचं नाही. इंग्रजांनी १८७८ साली हत्यारांचा कायदा केला, त्यात गंधक आणि सोऱ्याच्या जोडीला शिशाचं नाव घालून ठेवलं होतं. त्यांना ठाऊक होतं की या तीन वस्तूंवर नजर ठेवली की बंदुका आपोआप मुक्या होतात. आणि आपल्या मुलखात तर हे आणखी खरं. आपला सह्याद्री म्हणजे काळा पाषाण, त्यात शिशाची खाण नाही. राजस्थानात जावरला प्राचीन काळापासून शिसं-जस्त काढत आलेत, इथं मात्र बाहेरूनच आणावं लागायचं. ऑर्म नावाच्या इंग्रज इतिहासकारानं लिहून ठेवलंय की शिवाजी महाराजांनी फ्रेंचांकडून ८० तोफा आणि सगळ्या बंदुकांना पुरेल एवढं शिसं विकत घेतलं. तोफांच्या बरोबरीनं शिशाची नोंद व्हावी, एवढी ती किमती वस्तू होती. यातली माझ्या कामाची गोष्ट अशी : आपल्या रानात शिसं सापडलं तर ते निसर्गानं दिलेलं नाही, माणसानं आणून टाकलेलं आहे. पुढं मातीचा विषय येईल तेव्हा हे ध्यानात असू द्या.

आता कुणी म्हणेल, आण्णा, आपल्याकडं धातू वितळवणं काय नवीन आहे का? अजिबात नाही. उलट सातारा-सांगलीएवढी वितळवणारी माणसं देशात दुसरीकडं सापडायची नाहीत. विटा, आटपाडी, कवठेमहांकाळ, तासगाव आणि इकडं खटाव-माण, हा सगळा दुष्काळी पट्टा गलाईवाल्यांचा. पाऊस नाही, रान पिकत नाही, म्हणून पिढ्यान् पिढ्या माणसं बाहेर पडली. काश्मीरपासून केरळपर्यंत कुठल्याही शहराच्या सराफ कट्ट्यात जा, मागच्या बोळात सोनं-चांदी गाळणारा मराठी माणूस भेटतो आणि गाव विचारलं तर ते विट्याच्या नाहीतर खटावच्या जवळपासचं निघतं. भट्टी, मूस, तेजाब यांवर या माणसांनी घरं उभी केली, गावाकडं विहिरी पाडल्या, द्राक्षबागा लावल्या, देवळं बांधली. मला त्या धंद्याचा अभिमान आहे.

पण गलाईच्या धंद्यात शिसं कसं वागतं ते ऐकण्यासारखं आहे. सोनाराच्या दुकानातला झाडलेला केर असतो, त्यात सोन्याचांदीचे कण. जुनी रीत अशी की त्यात शिसं घालून वितळवायचं. वितळलेलं शिसं केरातलं सोनं-चांदी आपल्या पोटात ओढून घेतं. मग राखेच्या वाटीत ते तापवत ठेवायचं. हवा लागून शिशाचं भस्म होत जातं, काही राखेत मुरतं, काही धुरावाटे उडतं, आणि शेवटी वाटीत चांदी-सोन्याचा मणी तेवढा उरतो. जगभर हजारो वर्षं माणसानं असंच केलंय. आता तुम्हीच सांगा, घातलेलं शिसं गेलं कुठं? राखेत, भिंतीवर, अंगरख्यावर आणि भट्टीपुढं बसलेल्याच्या छातीत.

आमच्या पाहुण्यांत एक गलाईवाले आहेत, तीस वर्षं दक्षिणेत भट्टीपुढं काढून आता गावी द्राक्षं बघतात. त्यांना मी हे व्हिडिओ दाखवले. ते गोळीकडं बघतच नव्हते. म्हणाले, "खिडकी कुठाय ह्याची? अन् ते चहाचा कप कशाला ठेवलाय जवळ?" त्यांच्या भट्टीच्या खोलीत जेवणाचा डबा कधी आला नाही, पाण्याचा तांब्या आला नाही, लहान पोर तर उंबऱ्याच्या आतसुद्धा नाही. कामाचे कपडे तिथंच खुंटीला. तरी त्यांच्या बरोबरीच्या दोघांना पोटात कळा, कायमचं बद्धकोष्ठ, रक्त कमी, हातात जोर नाही, असं होत होत धंदा सोडावा लागला. ज्यांचं पोट त्यावर होतं त्यांची ही कथा. आपण डुकरापायी हे हौसेनं अंगावर घ्यायचं का?

शिशाची खरी मेख अशी की ते फार सोपं वाटतं. ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. लोखंडाला भाता लागतो, तांब्याला भट्टी लागते, शिशाला मात्र आपली परसातली चूलही पुरते. म्हणूनच ते घरात शिरतं. लाकडाची आच सहज सहाशे-सातशेच्या वर जाते, आणि शिसं जितकं जास्त तापेल तितका त्याचा धूर वाढतो. तो धूर काळा नसतो, डोळ्यांत जात नाही, खोकलाही येत नाही. वर साय धरते, ती पळीनं काढून लोक बाजूला टाकतात. ती साय म्हणजे शिशाचं भस्म, बारीक पिठासारखं. वाळलं की उडतं, पायाला लागून घरात जातं. धुरापेक्षा मला या पिठाची जास्त भीती वाटते, कारण धूर त्या दिवसापुरता, पीठ वर्षानुवर्षं तिथंच.

आणि पाणी. वितळलेल्या शिशात ओला साचा, दमट पळी, घामाचा एक थेंब गेला तर पाण्याची क्षणात वाफ होते. पाण्याची वाफ झाली की जागा लागते सतराशे पट. मग भांड्यातलं शिसं उसळून तोंडावर येतं. पाऊसकाळात आपल्या घरात दमट नसलेली वस्तू दाखवा मला.

आता त्या "फुकटच्या" शिशाकडं येतो. बॅटरीवरचा फवारणी पंप आता घरोघरी आहे, त्यात बारा व्होल्टची छोटी बॅटरी, दोन-अडीच किलो वजनाची. झटका मशीनला तशीच किंवा मोठी. वर्ष-दोन वर्षांत ती बसते. वजनात निम्म्याहून जास्त शिसं हे खरं. पण ते सगळं धातूच्या रूपात नसतं. आतली जाळी आणि वरच्या पट्ट्या तेवढ्या धातू. बाकी जाळीत भरलेला राखाडी-तपकिरी लगदा असतो, तो शिशाचा ऑक्साइड आणि सल्फेट. तो चुलीवर वितळत नाही. म्हणजे दोन बॅटऱ्या फोडल्या तर हाती येतं अगदी थोडं आणि अंगणात पडतं ते सगळ्यात विषारी पीठ. शिवाय जाळीच्या शिशात अँटिमनी, कॅल्शियम, कधी आर्सेनिक मिसळलेलं असतं. त्याची साय ओली झाली तर त्यातून असे वायू सुटू शकतात की उघड्यावरसुद्धा माणूस आडवा होईल. ज्यांच्या व्हिडिओवरून पोरं शिकतात, त्या अमेरिकेतल्या जुन्या-जाणत्या हौशी लोकांचा पहिला नियमच आहे : बॅटरीला हात लावायचा नाही. तेवढा भाग आपल्या पोरांनी पुढं ढकलला.

तेजाबाचं तर मी बोलतच नाही. बॅटरीतलं गंधकाचं आम्ल ओढ्यात ओतून रिकामी केलेली टरफलं मी आमच्याच ओढ्याच्या काठाला बघितलीत. खाली म्हशी डुंबत होत्या.

म्हशीवरून आठवलं. गुरांच्या डॉक्टरांना विचारा, जनावराला शिसं बाधायचं जगभरातलं सगळ्यात नेहमीचं कारण कोणतं. जुनी फेकलेली बॅटरी. फुटलेल्या बॅटरीच्या पट्ट्या जनावर चाटत बसतं. वासरं तर जास्तच, त्यांना सगळं चाटायची सवय. मग दात खातात, लाळ गाळतात, डोळ्यांनी दिसेनासं होतं, डोकं भिंतीला लावून उभी राहतात. बऱ्याचदा लोकांना वाटतं पिसाळलं की काय, नाहीतर साप चावला. वासरू एक-दोन दिवसांत जातं. जे जगतं त्याच्या दुधात शिसं उतरतं, आणि ते दूध डेअरीच्या कॅनमध्ये जातं. फॅट आणि एसएनएफ बघणाऱ्या मशीनला शिसं दिसत नाही. गोठ्याच्या वळचणीला, गव्हाणीजवळ जुन्या बॅटऱ्या रचून ठेवायची आपली जी सवय आहे ना, ती आजच्या आज मोडा. हे वाचून एवढं एक केलंत तरी माझं लिहिणं वाया गेलं नाही असं समजेन.

पोराबाळांचं सांगायला नको वाटतं, पण सांगितलं पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं स्पष्ट आहे : शिशाची अशी कुठलीच पातळी माहीत नाही की जी बिनधोक म्हणता येईल. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी जेवढं अंगात मुरतं त्याच्या चार-पाच पट लहान मुलाच्या अंगात मुरू शकतं. त्यात पोराच्या अंगात लोह-कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त. रक्तातून ते हाडात जातं आणि तिथं वीस-तीस वर्षं मुक्काम करतं. बाईच्या हाडात साठलेलं गरोदरपणी परत रक्तात उतरतं आणि पोटातल्या बाळापर्यंत पोचतं. मूल दिसायला धडधाकट असतं, फक्त शाळेत मागं पडतं, चिडकं होतं. आपण म्हणतो, लक्षच नाही ह्याचं अभ्यासात.

युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेनं २०२० साली एक अहवाल काढला. जगातल्या दर तीन मुलांमागं एकाच्या रक्तात धोक्याच्या रेषेवर, म्हणजे डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅमच्या वर शिसं, असा त्यांचा अंदाज. आकडा सुमारे ८० कोटी, आणि त्यातली २७ कोटींहून जास्त मुलं एकट्या भारतातली. घरगुती पातळीवर बॅटऱ्या फोडणं हे त्यातलं मोठं कारण. सेनेगलमध्ये डाकार शहराजवळ एका वस्तीत बायका बॅटऱ्यांच्या मातीतून शिसं चाळून विकायच्या, २००७-०८ साली तिथं १८ पोरं दगावली. नायजेरियात झामफारा भागात २०१० साली सोन्याचा दगड घरात आणून दळला, त्या दगडात शिसं होतं, आणि शेकडो लहान मुलं गेली. दोन्हीकडं कारखाना नव्हता. घर होतं, अंगण होतं आणि चार पैसे मिळतील ही आशा होती. आपल्यासारखीच माणसं.

आता माती. इथं कृषीवाल्या मित्रांनी जरा कान द्या, चुकत असेन तर भेटल्यावर सांगा. शिसं नत्रासारखं वाहून जात नाही, हवेत उडून संपत नाही, कुजत नाही. आपल्या काळ्या, चुनखडीच्या, सामू आठच्या आसपास असलेल्या जमिनीत ते चिकणमातीला आणि स्फुरदाला घट्ट धरून वरच्या थरातच बसतं. एका अर्थानं हे बरं, कारण पिकाच्या मुळातून वर फार कमी चढतं आणि विहिरीपर्यंत सहसा जात नाही. दुसऱ्या अर्थानं वाईट, कारण जिथं पडलं तिथंच नातवाच्या काळातही असणार. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात सफरचंदाच्या बागांवर शंभर वर्षांपूर्वी शिशाचं आर्सेनेट फवारायचे, कीडनाशक म्हणून. फवारणी बंद होऊन पिढ्या गेल्या, बागा तोडून घरं झाली, तरी त्या मातीत शिसं आहेच आणि लोकांना अजून वरची माती काढून टाकावी लागते. आपली नेहमीची माती तपासणी, आरोग्य पत्रिका, तिच्यात बारा गोष्टी बघतात. त्यात शिसं नाही. म्हणजे कळणारही नाही.

आणि पिकात मुळातून चढत नसलं तरी मातीबरोबर चिकटून येतं. मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा, रताळं, हळद. सांगली जिल्ह्यात बसून हळदीचं नाव घेताना मला जपून बोललं पाहिजे, पण बोलतो. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. अन्नसुरक्षेच्या नियमात हळदीत शिशाची मर्यादा दहा लाख भागांत १० भाग आहे. हळदीत शिसं येतं ते मुख्यतः पिवळा रंग खुलवायला कुणी लेड क्रोमेट चोळतं तेव्हा, आपल्या रानातून नव्हे. हे आपण ठासून सांगतो, सांगितलंच पाहिजे. मग आपल्याच हळद शिजवायच्या, वाळवायच्या खळ्यावर बॅटऱ्या फोडून आपण कुठल्या तोंडानं सांगणार? ज्या अंगणात शिसं ओतलं त्याच अंगणात शेंगा वाळतात, शाळू झोडपतात, लोणच्याच्या फोडी सुकतात.

मग शिसं वितळवणं सरसकट पाप आहे का? मी एवढा हट्टी नाही. कृष्णाकाठचे, वारणाकाठचे भोई फेकजाळ्याच्या काठाला शिशाच्या गोळ्या लावत आलेत, त्यांच्या आज्ज्यापणज्यापासून. त्यांच्या भाषेतही ती गोळीच, पण ती कायद्यात बसते. जाळं झटकन बुडायला तेवढं जड दुसरं काही स्वस्तात मिळत नाही. एक लिटर पाणी एक किलो, तेवढ्याच मापाचं शिसं अकरा किलोच्या वर. त्यांना मी काय शिकवणार. एवढंच म्हणेन की तयार गोळ्या बाजारात मिळतात, त्या घेतलेल्या बऱ्या. लोखंडी नट किंवा साखळी लावूनही जाळी बनवतात, जरा मोठी दिसतात पण पोरं दातानं दाबत नाहीत. हो, दातानं. शिशाची गोळी दोरीवर बसवताना दातात धरून दाबायची सवय मी स्वतः बघितलीय. आणि ओतायचंच असेल तर स्वच्छ पत्र्याचं किंवा नळाचं शिसं घ्यायचं, बॅटरीचं नाही. घरापासून लांब, उघड्यावर, वारा पाठीकडून, आच मंद. भांडं-पळी त्याच कामाची, परत स्वयंपाकात नाही. हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्या. जवळ पाणी नाही, पोर नाही, विडी-तंबाखू नाही. साय झाकणाच्या डब्यात. काम झालं की साबणानं हात आणि तोंड, मगच पाणी प्यायचं. तंबाखू मळणाऱ्या हाताचं तर विचारूच नका, शिसं थेट गालात.

तसंच कल्हईचं. कल्हई कथलाची असते, शिशाची नाही. दोन्ही पांढरी, दोन्ही लवकर वितळणारी, आणि शिसं स्वस्त. ओळखीच्या माणसाकडूनच करून घ्या आणि कथील समोर बघा. बाकी त्यावर लिहिण्यासारखं मोठं नाही.

डुकराचं काय, हा मूळ प्रश्न राहिलाच. त्यावरही माझं मत आहे आणि ते सरकारला गोड लागणार नाही. ज्या शस्त्र कायद्यानं घरची गोळी बंद केली, त्याच कायद्यात कलम १३ मध्ये लिहिलंय की पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, आणि ती पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक द्यावी. म्हणजे कायद्याला शेतकरी माहीत होता. प्रत्यक्षात अर्ज केला की फाइल या टेबलावरून त्या टेबलावर. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्यानं दोन पावसाळे वाट बघितली, शेवटी मका करायचं सोडून दिलं. ज्यांच्याकडं परवाना आहे त्यांची बंदूक निवडणूक लागली की ठाण्यात जमा. निवडणुका आपल्याकडं काय कमी असतात? डुकराला आचारसंहिता नसते. शिवाय बंदुकीचा परवाना वेगळा आणि डुक्कर मारायची परवानगी वेगळी. रानडुक्कर वन्यजीव कायद्यात आहे, २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत. पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकरासाठी वनखात्याची परवानगी लागते. २०१५ साली राज्यानं रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी तसा शासन निर्णयही काढला. तो निर्णय किती गावांत वाचला गेला हा खरा प्रश्न आहे. गव्याला तर हात लावायचा विचारही करू नका, तो पहिल्या अनुसूचीत.

हे दार नीट उघडं असतं तर पोरं व्हिडिओ बघत बसली नसती. अर्जावर ठरावीक दिवसांत हो किंवा नाही, नाही तर का नाही ते लेखी, एवढी मागणी ग्रामसभेनं ठरावात घालावी. एकट्यादुकट्याचा अर्ज दबतो, ठरावाला उत्तर द्यावं लागतं. परवाना असेल तर दारू-काडतूस परवानाधारक दुकानातूनच, परवान्यावर जेवढी लिहिलीत तेवढीच. नुकसानीचा पंचनामा मात्र दर वेळी करून घ्या, "किती मिळणार आहे" म्हणून सोडून देऊ नका. पंचनामे झाले नाहीत तर कागदावर आपल्या रानात डुक्कर येतच नाही. आणि तारेत घरचा करंट सोडणं, गावठी बॉम्ब ठेवणं, यांना मी उपाय म्हणतच नाही. गावठी बॉम्बनं जबडा फुटलेली गाय एकदा बघितली की माणूस ते नाव काढत नाही.

एक मुद्दा जाता जाता. शिशाच्या गोळीचं खापर फक्त ओतणाऱ्यावर फुटत नाही. गोळी जनावरात शिरली की तिचे बारीक कण मांसात पसरतात. मेलेलं जनावर कोल्हा, गिधाड, कावळा खातो, शिसं पुढं जातं. डेन्मार्कनं १९९६ साली शिशाचे छर्रे बंद केले, कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही, तिथल्या मोठ्या गिधाडांपायी. ज्या देशातून ते व्हिडिओ येतात, तिथलाच एक भाग शिसं सोडून चाललाय.

जुन्या बॅटरीचं काय करायचं, तर नवी घेताना दुकानात परत द्या, किमतीत तेवढे पैसे कमी होतात. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेली बॅटरी गोळा करून नोंदणीकृत कारखान्यात पोचवायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीवर आहे. भंगारवाल्याला देणार असाल तर तो ती अख्खी पुढं देतो की मागच्या बोळात फोडतो हे विचारा. शंभर रुपये जास्त देणारा बहुधा फोडणाराच असतो.

आणि ज्यांनी आधीच परसात ओतून बघितलंय त्यांच्यासाठी. ती जागा कोरडी झाडू नका, पीठ उडेल. पाणी शिंपून ओल्या फडक्यानं पुसा. मातीचा वरचा थर खरवडून जाड पिशवीत भरून ठेवा, उकिरड्यात टाकू नका, नाहीतर शेणखताबरोबर सगळ्या रानात जाईल. ती पिशवी बॅटरीवाल्याकडं देता येते का विचारा. तिथं फरशी घाला नाहीतर बाहेरची चांगली माती टाकून दाबून घ्या. मेथी-कोथिंबिरीचा वाफा तिथं नको, शेळी-वासरू बांधायला नको. घरात पाच-सहा वर्षांच्या आतलं पोर किंवा गरोदर बाई असेल तर डॉक्टरांना सगळं खरं सांगून रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या, मोठ्या लॅबमार्फत होते. तोवर दूध, नाचणी, हिरव्या भाज्या पोटात जाऊ द्यात, आणि जेवायच्या आधी पोरांचे हात साबणानं धुतलेत का ते बघा.